आपसूक हलणारा हात

"जरा स्वस्थ बस ना" असं मला कुणी म्हटलं की अजूनही माझं टाळकं फिरतं. मी एका जागी बसणारी बाई नाहीच मुळी. जेवताना पाय हलतो, बोलताना हात हलतात, फोन आला की मी अंगणातून मागच्या दारी आणि मागच्या दारातून अंगणात अशा फेऱ्या मारते. जन्मभर शाळेत शिकवलं, पण वर्गातली खुर्ची माझ्यापेक्षा माझ्या पिशवीनंच जास्त वापरली. आई म्हणायची, "ह्या पोट्टीच्या पायाले भिंगरी हाय व माय." आणि नेमकं मलाच, ऐन सतरा-अठराच्या वयात, हलू नको म्हणून सांगण्यात आलं. दैव म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठचा उन्हाळा तो. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो. वडील गँगमन होते. छोट्या लाईनवर रूळ तपासणं, गिट्टी ठोकणं, काम चालू असलं की लाल झेंडी लावणं, हे त्यांचं आयुष्य. आई घरी. माझ्या मागची दोन पोरं जगली नव्हती, म्हणून दोघांचा सगळा जीव माझ्यात. मी मॅट्रिक पास झाले होते आणि येत्या जूनपासूनच्या वाशिमच्या डी.एड.ला माझा नंबर लागला होता. वस्तीतून मास्तरीण होणारी पहिलीच पोरगी! बाबा हे पॅसेंजरच्या गार्डलासुद्धा सांगायचे, गार्डनं विचारलं नसलं तरी.

पण जूनपर्यंत घरात बसायचं कसं? वस्तीतल्या पोरी दुष्काळी कामावर तलावाच्या बांधावर मुरूम टाकायला जायच्या. मीही निघाले. बाबा म्हणाले, "तुले काय गरज हाय व? बस ना घरी." बस म्हटलं ना, झालं! मी दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन बांधावर हजर. आणि थंडी सरता सरता एक दिवस बांधाची कड पायाखालून निसटली. मी गडगडत खाली आले. उजवा खांदा खाली, त्यावर मी, आणि माझ्यावर टोपल्यातला मुरूम.

वाशिमच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. खांद्यापासून मनगटापर्यंत. डॉक्टरांनी बजावलं, "हात अजिबात हलवायचा नाही." मी हलवला नाही, तुमची शपथ. होळीच्या सुमारास प्लास्टर कापलं, फोटो काढला, डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "हाड झकास जुळलंय." मी म्हटलं, "मग दुखतंय कशाला?" ते म्हणाले, "दुखेल थोडे दिवस. आराम द्या." त्यांचं काही चुकलं नाही. हाड खरंच जुळलं होतं. पण दुखणं त्याला विचारून थोडंच राहतं!

आणि दुखणं तरी कसं? खांद्यात खिळा ठोकून ठेवल्यासारखं. कूस बदलली की खिळा, शिंक आली की खिळा, कुणी नुसतं जवळून गेलं तरी मी आधीच अंग चोरायची. पुढं पुढं तर हात हलवायच्या नुसत्या विचारानं दुखायला लागलं. आईनं जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि राखण बसली. "हलू नोको. पाह्य, पुन्हा हलली. काहून हलते व?" दिवसभर तेच. मी चिडायची, रडायची, झोळी फेकून द्यायची, ती पुन्हा बांधायची. वेणी घालता येईना. घास डाव्या हातानं. खडू धरायचा म्हटलं तर हात छातीच्या वर जाईना. फळ्यावर न लिहिणारी मास्तरीण कुणाला हवी? आणि डी.एड. हुकलं तर पुढं काय, ते मला ठाऊक होतं. मावशीनं एक मुलगा पाहूनच ठेवला होता. हात धड नसलेल्या पोरीला जो मिळायचा तो मिळाला असता.

चैत्रातली दुपार होती. आई स्टेशनाच्या नळावर पाण्याच्या रांगेत गेली होती. मी फरशीवर उताणी पडले होते, कारण फरशी तेवढी गार. झोळी काढून ठेवलेली. आणि करंगळी थरथरली.

मी हलवली नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. मग शेजारचं बोट, मग मनगट. मग कोपर आपलं आपण थोडं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. घोडा अंगावरची माशी उडवायला कातडी थरथरवतो ना, तसं खांद्यातून काहीतरी गेलं. मला भीती वाटली. पण खरं सांगते, भीतीपेक्षा बरं जास्त वाटलं. इतके महिने प्रत्येक हालचालीला मी पोलिसासारखी उभी होते, आणि ही हालचाल मला न विचारताच आली होती, म्हणून तिला अडवायला मी पोचलेच नाही. हात हळूहळू गोल फिरायला लागला. लहान गोल, मोठा गोल, मध्येच थांबायचा, उलटा फिरायचा. मान डुलायला लागली. मला जांभया आल्या, एकामागून एक. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी रडत नव्हते. मग सगळं आपोआप शांत झालं आणि पोटात भूक पेटली. मी उठून शिळी भाकर खाल्ली. अर्धी खाऊन झाल्यावर ध्यानात आलं की मी उजव्या हातानं खातेय.

खिळा गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. पण तो सैल झाला होता. दुखणं होतं, पण आता ते हाताला थकवा यावा तसं दुखत होतं. त्याचा धाक उरला नव्हता.

मग मी रोज आई पाण्याला जायची वाट बघायला लागले. मी एवढंच करायची की काही करायची नाही. पडून राहायचं, हात मोकळा सोडायचा आणि थांबायचं. कधी पटकन यायचं, कधी बराच वेळ काहीच नाही, आणि मुद्दाम हलवला तर हटकून दुखायचं. ही मोठी गंमत होती. मी हलवला की दुखायचा, तो हलला की नाही! कधी बसल्या बसल्या यायचं, कधी उभ्यानं. एखाद्या दिवशी उलट जास्त ठणकायचं आणि मी हाताला शिव्या घालायची. पण चार दिवस खराब गेले तरी पाचवा बरा यायचा. महिन्याभरात मी वेणी घातली. स्वयंपाकाच्या कोळशानं मागच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक ओळ लिहिली आणि लगेच पुसली.

आता माझ्या मावसबहिणीची मुलगी फिजिओथेरपी करते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती उडालीच. म्हणाली, "मावशी, जखम भरते तरी मेंदू कधीकधी धोक्याची सूचना देतच राहतो. त्याला वाटतं, अजून जपायलाच हवं. आतून आलेली, भीती न घालता झालेली हालचाल त्याला समजावत असावी की आता धोका नाही." मी म्हटलं, "म्हणजे रुळाचं काम संपलं पण लाल झेंडी काढायची राहिली, असंच ना?" ती म्हणाली, "बरोबर. पण सगळ्यांना असं होईलच असं नाही हं, आणि नक्की कसं होतं ते अजून शोधतायत." बरंय. शोधू देत. मला तेव्हा मेंदू वगैरे कुठं ठाऊक होता? मला एवढंच कळत होतं की ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या घरात अंग आपोआप हलणं याचा एकच अर्थ होता, आणि त्या अर्थाला आमच्या घरी जागा नव्हती.

बाबांनी छपन्न साली धम्म घेतला, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. घरातल्या देवांची टोपली त्यांनी स्वतः नाल्यात नेऊन सोडली. तेव्हापासून आमच्याकडे ना नवस, ना अंगारा, ना लिंबू. कुणाच्या अंगात येतं असं ऐकलं की बाबांच्या कपाळाची शीर उठायची. "ढोंग हाय समदं. याच ढोंगानं आपल्याले मातीत ठेवलं," म्हणायचे. ते खरंच होतं, आणि मलाही पटायचं. म्हणून तर मी कडी लावत होते.

एक दिवस मागची कडी राहिली.

स्टेशनापलीकडे नाल्याकाठी माळ्याचं वावर होतं. वांगी, मेथी, कांदे. तिथली काकू पॅसेंजरनं वाशिमच्या बाजारात भाजी न्यायची आणि जाता जाता आमच्याकडं दोन वांगी टाकायची. मोठ्या मनाची बाई. पण त्या साली त्यांच्या विहिरीनं तळ दाखवला होता, नव्यानं खोदलेल्या जागी नुसता खडक लागला होता, आणि काकूच्या डोक्यात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्या दुपारी मी नुकतीच न्हालेली, केस मोकळे, डोळे मिटून बसलेली, आणि हात आपला फिरतोय, मान डुलतेय. काकू मागच्या दारात उभी. तिला वांगी कुठली सुचतात! टोपली धपकन खाली ठेवली, जमिनीला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "माय व माय! सांग, माह्या वावरात पानी कुठी लागन?"

मी दचकून डोळे उघडले. हात तेवढ्यात वर गेलेला होता, खिडकीकडं. "अवो काकू, काय करता! काही नाही हो, हात दुखतो माझा..." पण ऐकायला काकू होती कुठं? ती अनवाणी धावत सुटली होती.

खिडकीकडं म्हणजे नाल्याकडं. नाल्याकडं म्हणजे त्यांच्या निंबाच्या झाडाकडं. काकूच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी निंबाखाली कुदळ मारली आणि, आता काय सांगू, पाणी लागलं! नाल्याच्या पोटातली जागा ती. तिथं नाही लागणार तर काय माझ्या डोक्यावर लागणार? पण हे ऐकणार कोण. चार दिवसांत अख्ख्या गावाला कळलं की गँगमनच्या पोरीच्या अंगात येतं आणि तिचा हात पाणी दाखवतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मंगळवारी सकाळी पाचसहा बाया ओट्यावर आल्या. एकीची म्हैस आटली होती. एकीचा जावई रिसोडला गेला तो परतला नव्हता. एकीला नुसतंच बघायचं होतं. आईनं कोयता घेतल्यासारखा झाडू घेतला. "जा व बायाहो, इथी काई नाई. पोरगी बिमार हाय." बाया हसून मान डोलवायच्या, की हो हो, असंच म्हणतात आधी. त्या हटल्या, पण जाता जाता कुणीतरी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला.

बाबा दुपारच्या जेवणाला लाईनीवरून आले. खांद्यावर गिट्टी ठोकायचा बीटर, अंगावर घामाचं मीठ. ते उंबऱ्याशी थांबले. त्यांनी खालचं हळदकुंकू आणि नारळाचं पाणी पाहिलं. मग आत आले, रांगेत चार तास उभं राहून आईनं आणलेली भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी उंबऱ्यावर ओतली. त्या उन्हाळ्यात!

"कोन येते तुह्या आंगात?" त्यांनी मला विचारलं.

"कोनी नाई येत, बाबा. मीच राह्यतो. हात हलते फक्त."

"मंग थांबव."

"थांबवता येते. पन थांबवलं का दुखते."

"दुखू दे," बाबा म्हणाले.

ते दुष्ट नव्हते. मी पडले तेव्हा बाज खांद्यावर घेऊन मला गाडीपर्यंत आणणारे तेच. पण "दुखू दे" हे दोन शब्द मला खिळ्यापेक्षा जास्त लागले. मी ओरडले, "तुमचं ठीक आहे! डी.एड. तुमचं थोडंच जाणार आहे!" बाबा न जेवताच परत लाईनीवर गेले.

मी थांबवलं. कडी काढली, दार सताड उघडं ठेवलं, झोळी पुन्हा गळ्यात. आठवड्यात खिळा परत आला, आणि सोबत मानेलाही घेऊन आला. वेणी पुन्हा आई घालायला लागली. हात यायचा, मला कळायचं, तो आतून ढोसायचा, मी मांडीखाली दाबून बसायची. बसून बसून माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. घरात तिघं आणि तिघांची तोंडं तीन भिंतींकडं.

त्यात वस्तीतले म्हातारे गुरुजी आले. समाजमंदिरात वंदना घ्यायचे ते. सगळे त्यांना मानायचे. ओट्यावर बसून बाबांना म्हणाले, "लोक हासून राह्यले. ज्याच्या घरातून पयला देव गेला, त्याच्याच घरात परत आला म्हंतात. पुनवेले पोरीले घेऊन ये. समद्याईच्या समोर वंदनेले बसू दे, शांत. पाहू दे लोकायले." बाबांनी मान हलवली. बाबांची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझ्यामुळं! मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी समाजमंदिर भरलं होतं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी पांढरं पातळ नेसून आईशेजारी पुढच्याच रांगेत. झोळी काढलेली, दोन्ही हात जोडलेले. सगळ्यांच्या नजरा माझ्या त्या दोन हातांवर. वंदना सुरू झाली. अर्ध्यापर्यंत ठीक होतं. मग सगळे डोळे मिटून शांत बसले, आणि त्या शांततेत खांद्यातून ते निघालं. इतके दिवस दाबलेलं, ते काय हळू येणार? बोटं एकमेकांवर आपटायला लागली. मी घामानं न्हाले. म्हटलं, गेलं. डी.एड. गेलं, बाबांची इज्जत गेली, सगळंच गेलं.

तेवढ्यात आईनं पदराखालून माझं कोपर धरलं. नुसतं धरलं नाही, आतल्या बाजूला अंगठा अशा जागी रोवला की हात जागीच थिजला. आणि ओठ न हलवता माझ्या कानाशी पुटपुटली, "जीभ टायूले लाव. दात दाब. आता श्वास घेऊ नोको. पायाचे अंगठे आवय. आवय जोरानं. जाते. आत्ता जाते."

तसं केलं, आणि गेलं. खाली कुठंतरी, पोटात, दगड पडावा तसं गेलं. वंदना संपली. गुरुजी समाधानानं हसले. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मात्र आईकडं बघत होते. परतताना रुळाच्या कडेनं बाबा पुढं चालत होते, आम्ही दोघी मागं. मी तिला हात धरून थांबवलं. "आई, तुला हे कसं ठाऊक?"

"काय?"

"जीभ टाळूला. अंगठे आवळायचे. कुठं दाबायचं ते. कसं ठाऊक?"

आई चालायलाच लागली. मी सोडते होय? मी पुढं जाऊन आडवी उभी राहिले. तेव्हा ती म्हणाली, "मले येत जाय ना."

आईच्या अंगात यायचं! लग्न होऊन आली तेव्हापासून, नवरात्रात, पुनवेला, कधी अध्येमध्येही. बाया ओटी भरायच्या. देवी म्हणायच्या. ती म्हणाली, "मले देवी-गिवी काई ठाऊक नाई व. आंग सुटे. हालून हालून मोकयं होये. मंग झोप लागे मस्त. सासूचा तरास, कामाचा तरास, समदा उतरून जाये." मग बाबांनी धम्म घेतला. देव गेले. आईलाही ते पटलं, मनापासून पटलं, पुन्हा कुणाच्या पाया पडायचं नाही हे तिला माझ्या बापाइतकंच आवडलं. पण अंग यायचंच. मग ती चुलीपुढं, विहिरीवर, माणसांत, जिथं येईल तिथं दाबायला शिकली. माझ्या मागची पोरं गेली तेव्हा सगळ्यात जास्त आलं. तेव्हाही दाबलं. लोक म्हणाले, गँगमनची बायको मोठ्या धीराची. तिची मान दुखायची, रोज दुखायची, आणि आम्हा दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही ते कधी ऐकलंच नव्हतं.

मी तिच्या वाटेतून बाजूला झाले. बाबा पुढं थांबून आमच्याकडं बघत होते.

घरी आल्यावर बाबा मोकळे झाले होते. पाणी प्यायले, बाजेवर बसले, म्हणाले, "झालं. जित्लो आपन. मी नाई म्हनत होतो? ठरवलं का बंद होते. तुह्या मायचं पाह्य, एका दिवसात बंद झालं होतं."

आई पाठमोरी कंदिलाची काच पुसत होती. ती वळली नाही. म्हणाली, "एका दिवसात तुमचं झालं. माहं आजून झालं नाई."

बाबांना कळलंच नाही आधी. मग ती वळली आणि बोलली. इतकी वर्षं न बोललेली बाई, तिला शब्द सापडत नव्हते, पण ती थांबली नाही. "देव तुमी नाल्यात सोडला, लय चांगलं केलं. मी बी टाकला असता. पन आंग काय देवाचं होतं काय? आंग माहं होतं. देवासंगं तेबी बुडवलं तुमी. माहं बुडालं ते बुडालं. ह्या पोरीचं बुडवू देनार नाई. हात गेला तर शिकन कशी? शिकली नाई तर मंग धम्म कायले घेतला आपन?"

बाबा उठून बाहेर गेले. ओट्यावर बसून राहिले. मी दारातून बघत होते. मला वाटलं ते चिडलेत, पण ते नुसते आपल्या गुडघ्यांवर तळहात चोळत होते, पुढंमागं, पुढंमागं. सकाळी ड्यूटीवर जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "दार लावून करजो. आन केस बांधून करत जाय." एवढंच.

त्या संध्याकाळी ते गुरुजींनाच घरी घेऊन आले. म्हणाले, "पोरीचा हात हाय, गुरुजी. निसता हात. देव नाई, भूत नाई. ज्याले पाह्याचं त्यानं समोर बसून पाहावं." मला त्या दोघांसमोर बसवलं. अशा वेळी येतं होय काही! मी बसले, कंटाळले, गुरुजींना चहा झाला, आणि मग आलं, थोडंसंच, मनगटापुरतं. गुरुजी वाकून बघत होते. "कोनी बोलते काय आतून?" "नाही." "काय वाटते?" "बरं वाटतं." "आन माळनीचं पानी?" मी म्हटलं, "गुरुजी, नाल्यात पाणी नाही लागणार तर कुठं लागणार?" म्हातारा खो खो हसला. बाहेर जाऊन त्यानं लोकांना काय सांगितलं ठाऊक नाही, पण बाया यायच्या थांबल्या. माळीण काकू तेवढी शेवटपर्यंत मनातल्या मनात मला नमस्कार करायची. तिचं मी काय करू!

हात सुटला. पूर्ण नाही, थंडीत अजून कुरकुर करतो, पण जूनच्या आधी मी भिंतीवर डोक्याच्याही वर कोळशानं पाढा लिहिला, आणि बाबांनी तो पुसू दिला नाही.

वाशिमला जायच्या आदल्या दुपारी पेटी भरून झाली होती. मी सगळ्या घरात नुसती फिरत होते, हे उचल, ते ठेव. आई म्हणाली, "बस ना व जराशी." मी बसले नाही. मी पुढचं दार लावलं, मागचं लावलं, दोन्ही कड्या घातल्या आणि तिला म्हटलं, "आता तू."

"मी काय?"

"तूही कर. कोणी नाही. देवी नाही, बाबा नाहीत. सोड अंग."

ती नको नको म्हणाली, हसली, लाजली, "आता कायले या वयात" म्हणाली. मग पदर खोचून भिंतीला पाठ लावून बसली आणि तिनं डोळे मिटले. मी समोर बसले. आणि ऐका, त्या दुपारी मी अजिबात हलले नाही. तिची बोटं बघत बसले. तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले, जबडा आवळलेला. तो तिला सोडता येईना. मी म्हटलं, जीभ सैल सोड. तिनं सोडली. म्हटलं, पायाचे अंगठे सैल कर. तिनं केले, आणि क्षणात ते पुन्हा आपोआप आवळले गेले. तिच्याही नकळत. बाहेर दुपारची पॅसेंजर येऊन गेली. आम्ही तशाच बसून होतो.

शेवटी तिनं डोळे उघडले. बराच वेळ आपल्या हातांकडं पाहिलं, कुणा दुसरीचे असावेत तसं.

"येत नाई व," ती म्हणाली. "लय पक्कं दाबलं मी."

आणि उठून तिनं माझ्या शिदोरीसाठी पीठ मळायला घेतलं.